नोंदणी क्रमांक : निरंक

फिजिओथेरपी म्हणजे काय, हे मी उभ्या आयुष्यात असंख्य लोकांना समजावलं. रिक्षावाल्यांना, सिंधी शेटजींना, शाळेची पायरी न चढलेल्या आज्ज्यांना. दोन माणसांपुढे मात्र मी हात टेकले. एक माझी आई आणि दुसरा दुकान-परवान्याच्या कचेरीतला कारकून. आई शेवटपर्यंत बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्यातल्या शेजारणींना "आमची लेक हाडांची नर्स आहे" असंच सांगत राहिली. तिच्या सांगण्याने माझं काही बिघडलं नाही. खरा घोळ झाला तो कारकुनापुढे, आणि चूक त्याची नव्हती, माझी होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मी पदवीचं शिक्षण घेतलं होतं, दोन वर्षं तिथेच नोकरीही केली होती. आता अंबरनाथला, भाजीबाजारामागच्या गल्लीत, दहा बाय बाराचा गाळा घेऊन स्वतःचं क्लिनिक टाकायचं ठरलं होतं. अंबरनाथ अशासाठी, की एका अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, म्हणजे सिंध्यांच्या वस्त्या, आणि दुसऱ्या अंगाला बदलापूर आणि त्याच्या भोवतीची खेडी. दोन्हीकडचा पेशंट फार हाल न होता पोचू शकत होता. गाळा उघडायचा तर गुमास्ता हवा. आमच्याकडे दुकानाच्या परवान्याला सगळे गुमास्ताच म्हणतात. बाबांना उद्घाटन चौदा एप्रिललाच हवं होतं, आणि तारीख चार दिवसांवर आलेली.

"धंदा काय?" कारकुनाने विचारलं.

"फिजिओथेरपी."

"मराठीत सांगा."

"भौतिकोपचार."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, मराठीत म्हणजे कळेल असं. करता काय तुम्ही?"

"व्यायाम करून घेते, शेक देते, आखडलेले सांधे मोकळे करते."

"म्हणजे मालिश."

"नाही हो, मालिश नव्हे."

"थोडी तरी?"

माझ्या मागे एक सलूनवाला आणि एक पिठाच्या गिरणीवाला ताटकळत उभे होते. सलूनवाला मोठ्या आवाजात सुस्कारे टाकत होता. मी म्हटलं, "थोडी असते. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते." त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'व्यायाम व मालिश'. मी खाली सही केली आणि खुशीत घरी आले. बाबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आईला दाखवला नाही.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, डॉक्टरांची सरकारदरबारी नोंद असते, नर्सची असते, औषधाच्या दुकानदाराची असते, मग हिची कशी नव्हती? नव्हती खरी. त्या काळी आमची नोंद ठेवणारी परिषदच राज्यात नव्हती. पदवी होती, पण पदवीवाला कोण आणि बिनपदवीवाला कोण, हे सांगणारं रजिस्टर कुठेच नव्हतं. त्यामुळे माझ्या भिंतीवर सरकारी शिक्क्याचा एकच कागद होता, आणि त्यावर मी मालिशवाली होते.

पेंटरने बोर्डही त्यावरूनच रंगवला. त्या कागदाने मला काय काय गिऱ्हाइकं आणून दिली! पहिल्याच आठवड्यात शहाडहून एक आडदांड पहिलवान स्वतःची तेलाची बाटली घेऊन आला आणि सदरा काढत म्हणाला, "तेल आपला है, मेहनत तुमचा." एक आई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आली, महिनाभरात मुलगी उजळ झाली पाहिजे म्हणून. मी दोघांनाही नीट समजावून परत पाठवलं. पहिलवान जाताना मान हलवत म्हणाला, "तो फिर बोर्ड काहे को लगाया?"

आमचं काम खरं तर सांगायला सोपं आहे. मोडलेलं हाड डॉक्टर जुळवतो आणि प्लास्टर घालतो. प्लास्टर निघालं की पेशंटला वाटतं, सुटलो. तिथून पुढे माझं काम सुरू होतं, कारण सहा आठवडे न हललेला सांधा आखडून बसलेला असतो. तो रोज थोडा थोडा हलवायचा. फार हलवला तर सुजतो, कमी हलवला तर तसाच राहतो. किती म्हणजे पुरे, ते पुस्तकात नसतं, ते पेशंटच्या चेहऱ्यावर असतं. औषध नाही, इंजेक्शन नाही, चिरफाड नाही. मेणाचा शेक, छताला टांगलेली कप्पी, वाळूच्या पिशव्या, आणि बाकी सगळं बोलणं. माझी निम्मी प्रॅक्टिस तोंडाने झाली असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात, पण खरंच तसं आहे.

उल्हासनगरचे एक कापडवाले शेटजी खांदा आखडला म्हणून यायचे. मी सांगायचे, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या, दहा वेळा. शेटजी दोन वेळा करून थांबायचे.

"दीदी, दस बहुत है. छह में करो."

"शेटजी, हे कापड नाही."

"अच्छा, न तुम्हारा न मेरा. आठ."

मी आठवर राजी व्हायचे, कारण मला पाचच हवे असायचे. दोन महिन्यांनी त्यांचा हात दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीपर्यंत पोचला. मग शेटजींनी मला दुकानात बोलावून, नोकराला बाजूला सारून, वरचा तागा स्वतःच्या हाताने काढून दाखवला. घाऊक भावात साडी देतो म्हणाले, तीही घासाघीस करून.

असे दिवस बरे चालले होते. गाळ्यात खुर्च्या कमी पडू लागल्या होत्या. मग संगीता आली.

संगीता नऊ वर्षांची होती, चामटोलीच्या बाजूची. जांभळीवरून पडून उजव्या कोपराच्या वर हाड मोडलं होतं. आई बदलापूरच्या बाजारात भाजी विकायची. तिने पोरीला उचलून गावच्या रिवाजाप्रमाणे हाडवैद्याकडे नेलं. हिराजीबुवा म्हणत त्याला. तो बांबूच्या कांब्या लावून, वर लेप देऊन, फडक्याने बांधायचा, आणि पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. या खेपेला त्याने फार आवळून बांधलं. कोपराची सूज आतल्या आत वाढली आणि हाताचं रक्त अडलं.

"तिसऱ्या दिशी बोटां निली पडली," आई मला सांगत होती. "पोर रातभर रडं. मी मानूस धाडला बुवाकडं. त्याला वाटला पोर भितं, म्हनून रडतं. दोन दिस कल काढ बोलला."

रक्त मिळालं नाही की पुढच्या हातातले स्नायू मरतात, आणि मेलेला स्नायू आकसतो. संगीता माझ्याकडे आली ती मोठ्या इस्पितळातून चिठ्ठी घेऊन. हाताची बोटं तळव्याकडे ओढलेली, मूठ अर्धी मिटलेली, आणि ती उघडायची तर मनगट खाली वाकवावं लागायचं. पोरगी हुशार होती. पाटीवर डाव्या हाताने लिहायला तिची ती शिकली होती. मी रोज तासभर तिची बोटं ताणायचे, प्लास्टरची पट्टी करून बांधायचे, पुन्हा सोडायचे. वर्षभराचं काम होतं आणि एक आठवडा खंड पडला तर महिनाभर मागे जाणार होतं.

त्या पोरीचा हात हातात घेतला की मला संताप यायचा. एका संध्याकाळी मी फुलस्केपची चार पानं लिहिली. ज्या आरोग्य कचेरीकडे बोगस डॉक्टरांच्या तक्रारी जायच्या, तिच्या नावाने. भाषा अगदी ठेवणीतली वापरली. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की ते मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं: 'ज्यांची कोणत्याही परिषदेकडे नोंदणी नाही, अशा इसमांना रुग्णाच्या अंगास हात लावण्याचा अधिकार नसावा.'

बाबा सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेले. ते म्हणाले, "छान लिहिलंस. त्या बुवाला भेटलीस का एकदा?"

"कशाला भेटायचं? काय केलंय ते दिसतंय ना."

मी पत्र टाकलं.

दीड महिन्याने कचेरीचा शिपाई नोटीस घेऊन आला. अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता हजर राहावे, नोंदणीचा पुरावा सोबत आणावा, तो नसल्यास व्यवसाय बंद करण्याबाबत कार्यवाही होईल. मला आधी वाटलं, तक्रारदार म्हणून बोलावलंय. मग खालची यादी वाचली. क्रमांक एक, हिराजीबुवा, हाडवैद्य, चामटोली. क्रमांक दोन, मी. व्यवसाय: व्यायाम व मालिश.

चौकशी करणाऱ्याने नियमाप्रमाणे तक्रारदाराचीही नोंदणी पडताळली होती, आणि गुमास्त्यावर जे होतं तेच उतरवून घेतलं होतं. त्याला दोष कसा देणार? माझीच सही होती.

मी हादरले. गाळा बंद पडला तर माझं काय, हा प्रश्न होताच. पण संगीताची पट्टी त्या आठवड्यात बदलायची होती आणि तिचा अंगठा नुकताच कुठे सुटू लागला होता. मुंबईला रोज नेणं तिच्या आईला जमण्यातलं नव्हतं. मी दोन दिवस धड जेवले नाही.

आमच्या भागातल्या एका जुन्या एमबीबीएस डॉक्टरांनी तोडगा काढला. भला माणूस. म्हणाले, "घाबरतेस कशाला? बोर्डावर माझं नाव लाव. नंबर माझा, काम तुझं. तू माझी असिस्टंट म्हणून दाखवू. कितीतरी जण असंच करतात." मला हायसं वाटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं.

बाबा त्या वेळी अंगणात मोरीच्या नळाला वायसर घालत होते. ते पाना खाली न ठेवता म्हणाले, "माझ्या बापाला गावात नावच नव्हतं. जातीनं हाक मारायचे. मी कारखान्यात गेलो तर बिल्ल्याचा नंबर मिळाला, नाव मिळालं. तुला शिकवली ती दुसऱ्याच्या नावाखाली काम करायला नाही. बंद पडला गाळा तर पडू दे. पुन्हा उघडू."

ते असं फार क्वचित बोलत. मी डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं आणि पदवीचा कागद, इस्पितळाचं अनुभवपत्र आणि ज्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या त्या डॉक्टरांची पत्रं एका पिशवीत भरली.

कचेरीच्या व्हरांड्यात एकच बाकडं होतं. त्यावर धोतर, काळं जाकीट आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक साठीचा माणूस बसला होता. शेजारी जागा होती ती त्याने हाताने झाडून दिली.

"बस गो बाय. तुला पन बोलावलाय?"

मी हो म्हटलं. मला कळलं होतं हा कोण. त्याला मी कोण ते कळलं नव्हतं.

"तू काय करतंस?"

"हाड जुळलं की पुढचं. सांधा मोकळा करते."

"आं, म्हंजे अंबरनाथची बाय ती तूच!" त्याचा चेहरा उजळला. "मी कवढी मानसां धाडली तुज्याकडं. हाड बसवाचा माझा काम, पन मागनं हात वर जात नाय त्याला माज्यापाशी इलाज नाय. मी बोलतंय, बाजाराच्या मागं एक बाय हाय, तिच्याकडं जा."

माझ्याकडे असे कितीतरी पेशंट यायचे. कुणी पाठवलं विचारलं की "गावातल्या एकानं सांगितलं" म्हणायचे. हाडवैद्याचं नाव घेतलं तर बाई ओरडेल, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नसे. मी खरंच ओरडले असते.

मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि हसला. दाबून दाबून आमच्या धंद्यातल्या माणसाचा अंगठा मागे वाकतो. त्याने आपला अंगठा पुढे केला. तोही तसाच. "तुजा पन गेला," तो म्हणाला. मला त्या बाकड्यावर बसवेना. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी पदराशी चाळा करत गप्प राहिले.

आत बोलावलं तेव्हा संगीता आणि तिची आई आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनाही बोलावणं गेलं होतं, तक्रारीत नाव होतं म्हणून. टेबलामागचे अधिकारी साहेब मध्यमवयीन, शांत आणि अतिशय संथ बोलणारे होते. त्यांनी माझं पत्र उघडलं आणि सगळं मोठ्याने वाचलं. माझ्या आवडत्या वाक्याशी थांबले. पुन्हा एकदा वाचलं.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

हिराजीबुवाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मग तुमचा नोंदणी क्रमांक?"

"आमची परिषद अजून झालेली नाही, साहेब. पदवी आहे." मी पिशवी पुढे केली.

त्यांनी प्रत्येक कागद वाचला. मग एकेक प्रश्न सोडवत असल्यासारखं विचारलं, "औषध देता?"

"नाही."

"इंजेक्शन?"

"नाही."

"नावापुढे डॉक्टर लावता?"

"नाही. लोक म्हणतात, मी लावत नाही."

"मग तुम्ही डॉक्टर नाही. जो डॉक्टर नाही आणि तसं म्हणतही नाही, तो बोगस डॉक्टर कसा ठरणार? आणि मालिशवर आमच्या खात्याचा अंमल नाही." त्यांनी पेन उचललं. "पण तुमच्याच पत्राप्रमाणे तुम्हाला हात लावायचाही अधिकार नाही. काय करू सांगा."

मी म्हटलं, "साहेब, माझं काय करायचं ते करा, पण या मुलीचा हात अर्ध्यावर सोडायला लावू नका."

"हीच का ती मुलगी?"

संगीता पुढे आली. पट्टी सोडून मी हात टेबलावर ठेवला. साहेबांनी पाहिलं. पण त्यांच्याआधी हिराजीबुवा जागचा उठला होता. तो टेबलाजवळ आला आणि विचारून, हो, त्या पोरीला विचारून, त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. मनगट वाकवलं, बोटं उघडली; सरळ केलं, मिटली. असं त्याने तीनदा केलं. म्हातारा चांगला हाडवैद्य होता, त्याला बघताक्षणी कळलं.

"ह्या माज्या पट्टीनं झाला," तो म्हणाला. "मीच आवललेली." मग तिच्या आईकडे वळला. "तू परत का नाय आलीस गो? मी समाजलो, पोर बरी झाली."

"परत येऊन काय करायचा होता?" आई म्हणाली.

"खरा हाय." तो साहेबांना म्हणाला, "साहेब, बरी होतात ती येतात, नारल घेऊन. बिघडतात ती येत नाय. मग मना कसा कलायचा? चालीस वर्सं मना वाटला, माजा एक पन हात बिघडला नाय." त्याने संगीताचा हात हळूच टेबलावर ठेवला. "लिवा काय लिवायचा त्यो. मी मोडलेल्या हाडाला आता हात लावनार नाय."

त्याच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. साहेबांनी तसा कागद करायला सांगितला. त्यावर त्याची सही झाली आणि तक्रारदार म्हणून खाली माझी. मी सही केली. आज तोच प्रसंग आला तर आजही करीन. पण त्याला आधी भेटायला हवं होतं. माझ्या क्लिनिकपासून चामटोली काही लांब नव्हती.

मग साहेब माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुमच्याकडून बिघडलेले कुठे जातात?"

मला पटकन राग आला. "माझ्याकडून..." मी सुरुवात केली आणि थांबले. "असतील. कुठे जातात ते मला माहीत नाही."

"मलाही नाही. त्यांनी तक्रार करायची म्हटली तर कुणाकडे करणार? तुमचं खातंच नाही." त्यांनी माझ्या नावापुढच्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं, म्हणजे काहीच नाही. शेऱ्यात लिहिलं की सदर बाई पदवीधर असून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काम करतात, नाव यादीतून कमी करावे. आणि गुमास्ता दुरुस्त करून घ्या, असं वर सांगितलं.

बाहेर आल्यावर हिराजीबुवा पायऱ्यांवर विडी शिलगावत होता. मी माफी मागायला शब्द जुळवत होते. त्याने मला ती खटपट करू दिली नाही. "बाय, तू लिवलास त्यात खोटा काय नव्हता," तो म्हणाला. "पन आता कुनाचा हात मोडला तर कुठं धाडू, ता सांग." मी त्याला सरकारी दवाखान्याचा रस्ता, एक्सरेची वेळ सगळं समजावून सांगितलं, आणि नख दाबून रक्त परत येतं का ते कसं पाहायचं, तेही दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं त्या बाजूचा पेशंट यायचा तो हात सैल झोळीत अडकवून, आधी दवाखान्यात, मग माझ्याकडे. आता लोक नावही घ्यायचे, "बुवांनी धाडलंय" म्हणून.

बाकीचं थोडक्यात सांगते. संगीताचा हात पूर्ण कधीच सुटला नाही, पण अंगठा आणि दोन बोटं चांगली चालू झाली. आज ती बदलापुरात शिवणकामाचं दुकान चालवते आणि कात्री उजव्याच हाताने धरते. आमची परिषद व्हायला पुढचं शतक उजाडावं लागलं. कायदा झाला, मी अर्ज भरला, मला नंबर मिळाला. बाबा तेव्हा नव्हते. तो कागद मी भिंतीवर लावला आणि खाली पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: 'आमच्याबद्दल तक्रार असल्यास परिषदेकडे करता येते', आणि पुढे परिषदेचा पत्ता. बरोबरीचे लोक म्हणाले, तुला वेड लागलंय. एकूण मी सुखाने काम केलं आणि सुखाने थांबले.

पण 'बिघडलेले कुठे जातात' या साहेबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी इतकी वर्षं थांबू शकले नव्हते. सुनावणीनंतरच्या पहिल्याच रविवारी मी पेशंटांची वही काढली आणि मधेच यायचे बंद झालेल्यांची नावं वेगळी लिहिली. मला वाटलं होतं दोन-तीन असतील. पान भरलं. सगळ्यात वर होती देवी आंटी. उल्हासनगरच्या कॅम्पात पापड लाटून घर चालवणारी बाई. मनगट मोडलं होतं, सहा दिवस आली आणि मग फिरकली नाही. मी धरून चालले होते की बरी झाली.

पत्ता विचारत विचारत गेले. आंटी ओट्याखाली जमिनीवर बसून पापड लाटत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, लाटणं डाव्या तळव्याखाली. मला पाहून ती गडबडीने उठू लागली.

"अरे डॉक्टरनी, आप? यहाँ?"

"आंटी, यायचं का बंद केलंत? आना बंद क्यों किया?"

ती आधी सांगेना. घर, सण, पाव्हणे असं काहीबाही बोलत राहिली. मग लाटणं बाजूला ठेवलं.

"आपने डाँटा था ना. सबके सामने. बोला, घर पे कसरत नहीं करती तो आती क्यों हो." ती कसनुशी हसली. "मेरे को शरम आई. सोचा, अब अच्छा करके ही जाऊँगी. अच्छा हुआ ही नहीं."

मला ते आठवतही नव्हतं. गर्दीचा दिवस असेल. असं तर मी कितीजणांना बोलले असेन.

मी तिच्यासमोर पिठात बसले. तिने मनगट पुढे केलं. ते बरंचसं आखडून गेलं होतं आणि आता मेणाच्या शेकानेही पूर्वीसारखं होणार नव्हतं. हे मला हात लावताच कळलं.

"ठीक होगा?" तिने विचारलं.

पेशंटला मी नेहमी होईल म्हणत आले होते. तेही आमच्या कामाचाच भाग असतो. त्या दिवशी मात्र म्हणाले, "पूरा नहीं होगा, आंटी. थोड़ा होगा. गलती मेरी है."

डॉक्टरच्या तोंडून असलं तिने कधी ऐकलं नसावं. मीही कधी म्हटलं नव्हतं. मग तिने आतल्या खोलीत सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि पदराला हात पुसून तो पुन्हा माझ्या हातात दिला.

"तो थोड़ा ही करो," ती म्हणाली. "लेकिन डाँटना नहीं."